लाल बावटा मॉस्कोचा आणि परळचा: सोव्हिएत युनियन कसं उभं राहिलं आणि कसं कोसळलं

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. मधले ‘अं… अं…’ आणि शेजारच्या घरात वाजलेल्या कुकरच्या तीन शिट्ट्या तेवढ्या काढल्यात.

तर, 25 डिसेंबर 1991 ची संध्याकाळ. मॉस्कोत मिखाईल गोर्बाचेव्ह टीव्हीवर येतो आणि राजीनामा जाहीर करतो. थोड्याच वेळात क्रेमलिनवरचा लाल झेंडा खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी देश कागदावरूनही संपतो. आणि देश केवढा? पृथ्वीवरच्या जमिनीचा जवळपास सहावा हिस्सा, 15 प्रजासत्ताकं, जवळपास 29 कोटी माणसं, हजारो अण्वस्त्रं. अंतराळात पहिला माणूस पाठवणारा देश. त्याच्यावर बाहेरून कुणी हल्ला केलेला नव्हता. मग तो संपला कसा?

याचं उत्तर मी मॉस्कोपासून सुरू करणार नाहीये. परळपासून करणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण रोज लोअर परळला उतरून काचेच्या इमारतींत कामाला जातात. त्या इमारतींच्या मध्येच कुठेतरी एखादी जुनी गिरणीची चिमणी उभी दिसते. त्या चिमण्यांखाली राबणाऱ्या हजारो माणसांनी एकेकाळी मॉस्कोचा झेंडा आपला मानला होता. हा झेंडा परळमध्ये वर कसा गेला आणि खाली कसा आला हे समजलं, की मॉस्कोचं कोडं निम्मं सुटतं.

आधी एका शब्दाचा अर्थ

‘सोव्हिएत’ हे कुठल्या प्रदेशाचं किंवा जातीजमातीचं नाव नाही. रशियन भाषेत सोव्हिएत म्हणजे समिती, पंचमंडळ. बस्स, इतकंच. ‘सोव्हिएत युनियन’ म्हणजे शब्दशः समित्यांचा संघ.

कसल्या समित्या? मे 1905 मध्ये मॉस्कोच्या ईशान्येला इव्हानोवो नावाच्या गावात संप झाला. हे कापड गिरण्यांचं गाव, त्याला ‘रशियाचं मँचेस्टर’ म्हणत. आपल्या मुंबईलाही लोक पूर्वेचं मँचेस्टर म्हणायचेच. तर संपावर गेलेल्या कामगारांनी वेगवेगळ्या गिरण्यांतून सुमारे दीडशे प्रतिनिधी निवडले आणि मालकांशी बोलायला एक समिती केली. पहिली सोव्हिएत म्हणून सहसा हिचंच नाव घेतात. म्हणजे पुढे अर्ध्या जगाला धडकी भरवणाऱ्या महासत्तेच्या नावातला हा शब्द राजकारणात आला तो गिरणी कामगारांच्या संप-समितीतून.

1917 मध्येही तेच. पेट्रोग्राडमध्ये मार्चच्या महिलादिनी कापड गिरण्यांतल्या बायका ब्रेडच्या टंचाईवरून रस्त्यावर उतरल्या आणि आठवड्याभरात झार गेला. पुन्हा कारखान्या-कारखान्यांत, पलटणी-पलटणींत समित्या झाल्या. लेनिनची घोषणा काय होती? सगळी सत्ता सोव्हिएतांना. सगळी सत्ता पक्षाला, असं तो म्हणत नव्हता. 7 नोव्हेंबर 1917 ला बोल्शेविकांनी सत्ता घेतली ती याच समित्यांच्या नावावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला ती पुन्हा लागणार आहे.

324 चे 54,000

लेनिनला मुंबई माहीत होती बरं का. 22 जुलै 1908 ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. लष्कराने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. लेनिनने त्याच उन्हाळ्यात लिहिलेल्या लेखात या संपाची दखल घेतली आणि भारतातला कामगार आता राजकीय लढ्यासाठी तयार झालाय असा निष्कर्ष काढला. हा लेख पुढे आपल्याकडच्या कम्युनिस्टांनी इतक्या वेळा सांगितला, की लेनिन लालबागला राहूनच गेला होता असं वाटावं.

उलट्या दिशेनेही ओळख झाली. 1921 मध्ये मुंबईतल्या एका एकविशीतल्या तरुणाने ‘गांधी विरुद्ध लेनिन’ नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. हे श्रीपाद अमृत डांगे.

पण कामगार पुस्तक वाचून येत नसतात. ते आले 1928 मध्ये. गिरणीमालकांनी ठरवलं, दोन माग सांभाळणाऱ्याने आता तीन सांभाळायचे. म्हणजे तितक्याच कामाला माणसं कमी. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळपास सहा महिने, मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार घरी. त्यातले कित्येक कोकणात, घाटावर गावी निघून गेले, बाकीचे दुकानदाराच्या उधारीवर जगले. याच संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियन जन्मली, लाल बावट्याची. सुरुवातीला सभासद 324. वर्षअखेरीला 54,000.

असं काय होतं या युनियनमध्ये? भाषणं तर सगळेच करत. फरक होता गिरणी समित्यांचा. त्याआधी गिरणीत कामगाराचं नशीब जॉबरच्या हातात असायचं. तोच कामावर घेणार, तोच काढणार, तोच व्याजाने पैसे देणार. आता प्रत्येक गिरणीत कामगारांची स्वतःची समिती उभी राहिली. ती वर्गणी गोळा करायची, खात्यातली तक्रार घेऊन साहेबाकडे जायची आणि युनियनच्या पुढाऱ्याला ‘तुमचं हे चुकतंय’ असंही सांगायची. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. इव्हानोवोत जे झालं तेच परळमध्ये झालं म्हणा ना.

आता थोडं कडू. या समित्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं का? नाही. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार चांगला. पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. कारण? कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण कामगारांना ‘विटाळ’ नको होता. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्येच संप-समितीला सुनावलं: सगळ्या खात्यांत आमच्या माणसांना काम मिळण्याची मागणी घ्या, नाहीतर मी त्यांना संपात राहू नका म्हणून सांगेन. मागणी यादीत आली, पण कुरकुरत. माझं मत विचाराल तर लाल बावट्याने परळमध्ये गमावलेली पहिली मोठी संधी हीच. दहा वर्षांनी, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. तारीख होती 7 नोव्हेंबर 1938, रशियन क्रांतीचा वर्धापनदिन. पण ही जोडी टिकली नाही.

तिकडे समितीचं काय झालं?

आता रशियात जाऊ. ‘सगळी सत्ता सोव्हिएतांना’ म्हणणाऱ्या पक्षाने काय केलं? यादवी युद्ध चालू होतं, देश उपाशी होता, ते सगळं खरं. पण मार्च 1921 मध्ये क्रोनस्टाट बंदरातल्या नौसैनिकांनी, ज्यांनी 1917 ला बोल्शेविकांना साथ दिली होती त्याच बंदरातल्या माणसांनी, मागणी केली की सोव्हिएतांच्या निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्या. उत्तर म्हणून गोठलेल्या समुद्रावरून फौज पाठवली गेली. त्याच महिन्यात पक्षाच्या अधिवेशनात पक्षाच्या आतले गट करण्यावरही बंदी आली. 30 डिसेंबर 1922 ला सोव्हिएत युनियन अधिकृतपणे स्थापन झालं, तेव्हा नावात सोव्हिएत होती, खुर्चीवर पक्ष होता. समितीने वर काय सांगायचं हे आता वरूनच ठरणार होतं.

याने काय फरक पडतो? समजा, तुमच्या फोनवर जेवण मागवायचं एकच ॲप आहे. दुसरं कुठलं ॲप नाही, शेजारी खानावळही नाही. आणि त्या ॲपवर रेटिंग द्यायला फक्त पाच ताऱ्यांचंच बटण आहे. आमटी आंबली, पोळ्या कमी आल्या, तरी पाच तारे. एक तारा देणाऱ्याच्या घरी माणसं येतात. पाच वर्षांनी त्या कंपनीच्या मालकाला विचारा, धंदा कसा चाललाय? तो मनापासून सांगेल, एकदम फर्स्ट क्लास.

सोव्हिएत युनियनमध्ये हे अक्षरशः घडलं. 1928 पासून पंचवार्षिक योजना आल्या. (हो, तेच वर्ष.) शेतकऱ्यांच्या जमिनी सामूहिक शेतीत ओढल्या गेल्या. 1932-33 मध्ये भयंकर दुष्काळ पडला, युक्रेनमध्ये सर्वांत जास्त. 50 ते 70 लाख माणसं उपासमारीने गेली असा अंदाज आहे, आणि धान्याची निर्यात त्या काळातही पूर्ण थांबली नव्हती. मग 1937 ची जनगणना झाली. लोकसंख्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरली, कारण माणसं मेली होती. स्टालिनने काय केलं? जनगणना रद्द केली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक केली. पुढच्या जनगणनेत आकडा बरोबर आला, यात नवल काय! 1937-38 या दोन वर्षांत जवळपास 6 लाख 80 हजार लोकांना गोळ्या घातल्या गेल्या, हा त्यांच्याच सरकारी कागदपत्रांतला आकडा. 1941 मध्ये हिटलर हल्ला करणार, असे इशारे स्टालिनला त्याच्याच हेरांनी दिले. त्याने विश्वास ठेवला नाही.

पण थांबा. फक्त एवढंच सांगितलं तर परळची माणसं त्या देशावर जीव का टाकत होती ते कळणार नाही. ज्या देशात बहुसंख्य माणसं निरक्षर होती, तिथे एका पिढीत शाळा पोहोचली. मुली डॉक्टर-इंजिनियर झाल्या. मागासलेला शेतीप्रधान देश पोलाद ओतू लागला. आणि मुख्य म्हणजे हिटलरचं कंबरडं स्टालिनग्राडला मोडलं, फेब्रुवारी 1943 मध्ये. त्या युद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं मेली. इंग्रजाच्या राज्यात दहा बाय दहाच्या खोलीत आळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगाराला हे दिसत होतं: कुठेतरी आपल्यासारख्यांचं राज्य आहे आणि ते जिंकतंय. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. वाटेगावातून आलेला, शाळा न शिकलेला माणूस व्होल्गाकाठच्या लढाईवर पोवाडा रचतो आणि तो मुंबईच्या कामगारवस्तीत गाजतो. 1944 मध्ये त्यांनी, शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकरांनी मिळून लाल बावटा कलापथक काढलं. ही भक्ती खोटी नव्हती.

वरून आलेला निरोप

भक्तीचा त्रास असा, की तुम्ही देवाचं ऐकू लागता आणि शेजाऱ्याचं ऐकेनासे होता.

1928 मध्ये मॉस्कोतल्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलने जगभरच्या पक्षांना सांगितलं: नेमस्तांशी, राष्ट्रवाद्यांशी फारकत घ्या. परिणाम? 1930 मध्ये गांधींच्या मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला तेव्हा आपले कम्युनिस्ट बाजूला उभे. त्यातच मार्च 1929 मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी युनियनचे पुढारी उचलले गेले होते. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे आणि कामगारांतून आलेले आळवे, कासले सुद्धा. त्याच वर्षीचा पुढचा संप फसला आणि युनियन खिळखिळी झाली.

1942 तर सगळ्यांना ठाऊक आहे. हिटलरने रशियावर हल्ला केला, आणि आपल्या पक्षासाठी ‘साम्राज्यवाद्यांचं युद्ध’ एकदम ‘लोकयुद्ध’ झालं. रशियाचा मित्र इंग्रज, म्हणून इंग्रजाच्या युद्धात अडथळा नको. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव होतो, दुसऱ्या दिवशी शहर पेटतं, आणि पक्ष सांगतो, संप नको, उत्पादन वाढवा. पक्षाच्या लोकांनी नंतर भरपूर काम केलं. फेब्रुवारी 1946 मध्ये नाविकांच्या बंडाला पाठिंबा म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरलं, परळमध्ये पोलिसांच्या गोळीने कमल दोंदे ही कार्यकर्ती गेली. पण 42 चा डाग निघाला नाही.

आणखी एक प्रसंग ऐका. 1948 मध्ये पक्षाने सशस्त्र उठावाची भूमिका घेतली, ती अंगाशी आली, पक्षात भांडणं लागली. तोडगा काय? 1951 च्या सुरुवातीला चार नेते गुपचूप मॉस्कोला गेले: डांगे, अजय घोष, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या. भारतात क्रांतीचा रस्ता कोणता, हे स्टालिनला विचारायला! स्टालिन म्हणाला, घाई करू नका, अजून वेळ आलेली नाही. अहो, हे गिरणी समितीने वीस मिनिटांत सांगितलं असतं.

उलट उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. 1956 ते 60, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. ही मॉस्कोहून आलेली ‘लाइन’ नव्हती, ही लालबाग-दादर-गिरगावची मागणी होती. डांगे, अत्रे, एस. एम. जोशी एका व्यासपीठावर आले. अमर शेखांचा आवाज शिवाजी पार्कभर घुमला. 1957 च्या निवडणुकीत डांगे मध्य मुंबईतून दणदणीत मतांनी लोकसभेवर गेले. मुंबईत लाल बावटा सर्वांत उंच गेला तो या काळात.

आणि नेमका तोच काळ मॉस्कोसाठी काय होता? फेब्रुवारी 1956 मध्ये ख्रुश्चेव्हने बंद दाराआड स्टालिनच्या अत्याचारांची कबुली दिली. त्याच वर्षी हंगेरीत उठाव झाला. बुडापेस्टच्या कारखान्यांत कामगारांनी समित्या निवडल्या. हो, सोव्हिएतच! आणि सोव्हिएत युनियनच्या रणगाड्यांनी तो उठाव चिरडला.

स्पुटनिक वर, लोणी गायब

1957 ला स्पुटनिक, 1961 ला गागारिन. गागारिन त्याच वर्षाच्या अखेरीला भारतात आला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला. 1958 मध्ये पवईची आयआयटी सोव्हिएत मदतीने उभी राहू लागली. 1961 मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले, ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. मराठीत स्वस्तात रशियन पुस्तकं मिळू लागली. तुमच्या आजोबांना विचारा, ‘सोव्हिएत लँड’ मासिकाचे गुळगुळीत कागद वह्यापुस्तकांना कव्हर घालायला किती छान असायचे ते.

याच काळात, जून 1962 मध्ये, दक्षिण रशियातल्या नोव्होचेरकास्क शहरात मांस आणि लोण्याचे भाव वाढले, त्याच सुमारास रेल्वे इंजिनच्या कारखान्यात कामाचा दर आवळला. कामगार संपावर गेले, लेनिनच्या तसबिरी आणि लाल झेंडे घेऊन मोर्चाने निघाले. सैन्याने गोळीबार केला, 26 माणसं मेली. नंतर सात जणांना फाशीची शिक्षा म्हणून गोळ्या घातल्या. मृतदेह गुपचूप दूरच्या दफनभूमीत पुरले, आणि ही बातमी जवळपास पंचवीस वर्षं त्या देशाच्या वर्तमानपत्रात आली नाही. 1908 ला मुंबईच्या कामगारांवर इंग्रजाने गोळ्या झाडल्या, तर लेनिनने त्यावर लेख लिहिला होता. इथे कोण लिहिणार?

गोळीबारानंतर सरकार घाबरलं, आणि भाव वाढवायचेच नाहीत असं ठरल्यासारखं झालं. मग भाव कागदावर स्वस्त, दुकानात माल नाही, बाहेर रांगा. कारखान्यांना टार्गेट वजनात दिलं की माल जड व्हायचा, नगांत दिलं की हलका. त्यांच्याच एका विनोदी मासिकात व्यंगचित्र आलं होतं: कारखान्याने महिन्याचं टार्गेट पूर्ण करायला एकच अवाढव्य खिळा बनवलाय. हसू येतं खरं, पण त्या माणसाला दारात ठोकायला खिळा मिळत नव्हता.

1970 च्या दशकात तेल महाग झालं आणि हा देश तेल विकून तरला. बाहेरून धान्य आणायचं, शस्त्रांवर ओतायचं, आणि सगळं ठीक आहे म्हणायचं. सर्वांत वरची माणसं म्हातारी आणि आजारी. 1982 ते 85 या अडीच वर्षांत तीन सर्वोच्च नेते एकामागून एक वारले.

तोवर इकडे

परळमध्येही झेंड्याखालची माणसं पांगत होती. 1964 मध्ये पक्ष फुटला, त्यात रशिया-चीन भांडणाचाही वाटा होता. 1966 मध्ये शिवसेना आली. गिरणी कामगाराचा मुलगा मॅट्रिक झाला होता आणि त्याला गिरणीत जायचं नव्हतं, नोकरी हवी होती. पक्षाकडे त्याच्यासाठी वर्गलढ्याचं व्याख्यान होतं. सेनेकडे शाखा होती, गणपती होता, आणि समोर एक शत्रू होता. डिसेंबर 1967 मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या लाल बावट्याच्या कचेरीवर हल्ला झाला. 5 जून 1970 ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि दोन हजारांपेक्षाही कमी मतांनी हरल्या. वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले, तेही लाल परळमधून. हातातले बालेकिल्ले विचाराने जातात असं आपण म्हणतो, इथे चाकूचाही वाटा होता. पण खुनानंतरही कामगारवस्तीतली जवळपास निम्मी मतं तिकडे का गेली, हा प्रश्न उरतोच. 1975 ला डांग्यांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला, मॉस्कोची मर्जी इंदिराबाईंवर होती. 1981 मध्ये पक्षाने डांग्यांनाच काढलं.

आता दोन तारखा शेजारी ठेवतो. ऑगस्ट 1980 मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क बंदरात, ‘लेनिन शिपयार्ड’ नावाच्या गोदीत संप झाला आणि कामगारांनी सरकारी युनियन झुगारून ‘सॉलिडॅरिटी’ ही आपली युनियन काढली. वर्षभरात सुमारे एक कोटी सभासद. 13 डिसेंबर 1981 ला कम्युनिस्ट सरकारने लष्करी कायदा लावून तिला दडपलं. आणि 36 दिवसांनी, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांची मुख्य तक्रारही अशीच होती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी बोलायचा हक्क फक्त एका मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगाराला ती नको असली तरी मतदानाने बदलायची सोय नव्हती.

लाल बावटेवाले संपात होते, पण पुढे नव्हते. कामगार आपल्या पायांनी चालत सामंतांकडे गेले, आणि सामंत कम्युनिस्ट नव्हते. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. एका अर्थी तो अजून चालूच आहे.

खरं बोलायची परवानगी

मार्च 1985 मध्ये गोर्बाचेव्ह आला. त्याला कळत होतं की खरी माहिती वर येत नाही. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. स्वीडनमधल्या यंत्रांनी किरणोत्सर्ग पकडला, तेव्हा कुठे दोन दिवसांनी मॉस्कोने चार ओळींची बातमी दिली. आणि 1 मे ला कीव्हमध्ये, भट्टीपासून शंभरेक किलोमीटरवर, मुलाबाळांसह कामगारदिनाची परेड काढली. त्याच वर्षी तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले. अफगाणिस्तानात युद्ध चालूच होतं.

त्याने बोलायची मोकळीक दिली, ‘ग्लासनोस्त’. त्याला वाटलं लोक चुका सांगतील, आपण दुरुस्त करू. पण सत्तर वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं: दुष्काळ, गोळीबार, पुरलेली माणसं. बाल्टिक देश म्हणाले, आम्हाला जबरदस्तीने आत घेतलं होतं. जुलै 1989 मध्ये सायबेरियातले कोळसा खाणकामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत काय होतं माहितीये? साबण. खाणीतून वर आल्यावर अंग धुवायला साबण. जगातल्या पहिल्या कामगार राज्याच्या 72 व्या वर्षी. आणि संप चालवायला त्यांनी आपापल्या समित्या निवडल्या.

त्याच नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. ऑगस्ट 1991 मध्ये पक्षातल्या जुन्या लोकांनी उठाव करून पाहिला, तो तीन दिवसांत बारगळला, आणि पक्ष वाचवायला कामगार रस्त्यावर आलेच नाहीत. हे मला सर्वांत मोठं वाटतं. 1 डिसेंबरला युक्रेनने 90 टक्क्यांवर मतांनी स्वातंत्र्य निवडलं. 8 डिसेंबरला रशिया, युक्रेन, बेलारूसच्या नेत्यांनी सही करून संघ मोडीत काढला.

म्हणजे तेल, युद्ध, शस्त्रं, राष्ट्रवाद, ही सगळी कारणं खरी आहेत. पण इतर देशांनाही मंदी येते, युद्ध हरावं लागतं, आणि ते मोडत नाहीत. इथे ज्या समितीच्या नावाने राज्य आलं ती समितीच 1921 पासून मुकी होती, म्हणून आजार कळेपर्यंत औषधाची वेळ गेली होती.

आता राहिलं परळचं 1991. मार्चमध्ये नवी विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा दरवाजा उघडला. आज तुम्ही ज्या मॉलमध्ये जाता त्याचा पाया या कागदात आहे. 22 मे ला डांगे गेले, वयाच्या 91 व्या वर्षी. त्यांना शेवटची बातमी ऐकावी लागली नाही. डिसेंबरमध्ये क्रेमलिनवरचा झेंडा उतरला तेव्हा गिरणगावात त्याचं सुतक पाळायला फारसं कुणी उरलं नव्हतं. चिपळूणला, साताऱ्याला, कुणी डोंबिवलीच्या पुढे, माणसं केव्हाच गेली होती. रशियातही पुढची वर्षं वाईट होती: 1987 ला पुरुषांचं सरासरी आयुर्मान 65 च्या आसपास होतं, 1994 ला ते 58 च्याही खाली आलं. गिरणगावात संपानंतर काय झालं याचा असा आकडा कुणी काढला असता तर फार वेगळा आला नसता असं मला वाटतं. घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती 2012 मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी.

जाता जाता एक. सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊ साठ्यांचा पुतळा बसवला गेला. अनावरण केलं देवेंद्र फडणवीसांनी. त्या शहरात लाल झेंड्याचं सरकार नव्हतं, उद्घाटकाचा पक्षही तो नव्हता. पुतळा मात्र लाल बावटा कलापथकाच्या शाहिराचा.

पुढच्या भागात 1982 च्या संपावर सविस्तर बोलू. घरात कुणी गिरणीत होतं का? असेल तर त्यांच्या आवाजात दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू!